प्रितम सरांचं दुसरं सिम

प्रितम सरांच्या फोनमध्ये दोन सिमं होती. पहिल्यावर सगळं जग फोन करायचं: शाळा, बायको, चिकूचा व्यापारी, वडील गोविंदराव. दुसऱ्यावर कोणीच नाही. डहाणू रोडच्या बाजारात रंगीत छत्री लावून बसलेल्या एका माणसाने ते सरांच्या गळ्यात मारलं होतं, आणि फुकट ते पौष्टिक म्हणून सरांनी घेतलं होतं. नंबर त्यांना स्वतःलाही पाठ नव्हता.

माणूस तसा नाकासमोर चालणारा. किनाऱ्याकडच्या चिकूच्या वाडीत वाढलेला, शिकलेला, आणि रोज सकाळी मोटारसायकलवरून गंजाडच्या पुढे, आतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला जाणारा. मुलांवर जीव होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते ऐकून कोणी म्हणेल की मुळात माणूसच वाईट होता. नव्हता. वाईट असता तर एवढा झुरला नसता.

त्या शाळेत एक रीत होती. बहुतेक मुलांच्या घरी फोन नसायचे, म्हणून कुठल्याही फॉर्मवर मोबाइल नंबराचा रकाना आला की शिक्षक आपलाच नंबर टाकून मोकळे व्हायचे. शिष्यवृत्ती असो, बँकेचं खातं असो, आधार असो. सरांच्या पहिल्या नंबरावर चाळीसेक मुलांच्या नावाचे मेसेज येत. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. रकाना रिकामा ठेवला की फॉर्म परत येतो, एवढाच काय तो विचार.

२०१५ सालच्या पावसाळ्यात शाळेत इंटरनेट आलं आणि सरांना हुरूप चढला. नववीतल्या अकरा मुलांना त्यांनी संगणकाच्या खोलीत बसवून फेसबुकची खाती काढून दिली. दहा जणांचं कुठे भावाच्या, कुठे मामाच्या नंबरावर भागलं. अकरावी होती शुक्री. तिच्या घरात ना फोन, ना फोनवाला माणूस. सर म्हणाले, "थांब, माझ्याकडे एक रिकामा नंबर आहे." त्यांनी दुसऱ्या सिमचा नंबर टाकला. फोन थरथरला, कोड आला, आणि शेजारी उभ्या असलेल्या शुक्रीनेच तो एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. खातं उघडलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या.

ही शुक्री म्हणजे प्रश्नांचं पोतं होती. वर्गात तोंड उघडायची नाही, पण आठवड्याला संगणकाचा तास आला की सरांच्या फोटोंखाली तिचे प्रश्न सांडलेले असायचे. सरांनी बोंबील सुकत घातल्याचा फोटो टाकला, तर खाली हिचं: "सर, माशांना तहान लागते का?" सर लग्नाला गेले, बायकोसोबत फोटो टाकला, तर त्याखाली: "सर, वटवाघूळ उलटं लटकतं, त्याच्या डोक्यात रक्त उतरत नाही का?" सरांची बायको नूतन हसून हसून बेजार व्हायची. सर मात्र प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचे, माहीत नसेल तर शोधून द्यायचे. सगळं उघड्यावर, दहा माणसांच्या देखत. इनबॉक्समध्ये दोघांनी कधी एक अक्षर लिहिलं नाही.

मग २०१६ च्या डिसेंबरात मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, सगळ्या शिक्षकांना बोलावलं. कुठल्याशा दुसऱ्या तालुक्यातल्या मास्तरने विद्यार्थिनीला नको ते मेसेज पाठवले होते, त्याची बातमी पेपरात आली होती. मोठे सर म्हणाले, "आजपासून कोणाच्या फेसबुकात, कोणाच्या व्हॉट्सअॅपात एकही विद्यार्थी दिसता कामा नये. संशयाला जागाच नको." आता यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. माझी मुलगी त्या शाळेत असती तर मीही हेच म्हटलं असतं.

प्रितम सरांनी संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा मुलं काढून टाकली. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर शुक्री दाराशी थांबली. "सर, माझं काय चुकलं?"

"कोणाचं काही चुकलं नाही. शाळेचा नियम आहे."

"मग प्रश्न कुठे विचारायचे?"

"वर्गात विचार की."

ती वर्गात विचारणार नाही हे सरांना माहीत होतं. तिच्या खात्यावर आपला नंबर आहे, तो बदलायला हवा, हेही त्यांच्या डोक्यात येऊन गेलं. पण नंबर बदलायचा तर तिला शेजारी बसवून खातं उघडावं लागणार, आणि तेव्हाच नेमके मोठे सर आत आले म्हणजे? राहू दे, म्हणाले सर. शुक्री दहावी पास झाली, अकरावीला तलासरीला थोरल्या बहिणीकडे, जानीकडे राहायला गेली, आणि सरांच्या लेखी तो विषय मिटला.

२०१८ च्या जानेवारीत एका रविवारी सर जेवायला बसले होते. साडेबाराचा सुमार. फोन थरथरला. दुसऱ्या सिमवर मेसेज होता: तुमचा फेसबुकचा कोड अमुक अमुक. कोणी चुकून केलं असेल म्हणून सरांनी फोन उलटा ठेवला. पुढच्या रविवारी त्याच वेळेला पुन्हा कोड. त्याच्या पुढच्या रविवारी लागोपाठ तीन. तेव्हा कुठे सरांना आठवलं की या नंबरावर जगात एकच खातं आहे. पोरगी पासवर्ड विसरली असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. हुशार आहे, करील काहीतरी. मनातून त्यांना जरा बरंही वाटलं, पण ते त्यांनी नूतनलाही सांगितलं नाही.

मार्चमध्ये शिमगा झाला आणि पाचव्या दिवशी शुक्रीचा बाप, लाहू, शाळेत आला. पाड्यावरची माणसं कामासाठी कुठेही जावोत, वसईला वीटभट्टीवर की सुरतेकडे, होळीला घरी येतातच. न येणाऱ्याची पाड्याला धास्ती वाटते.

"पोर शिमग्याला आली नाय, सर."

"कुठून यायची होती? ती तलासरीला कॉलेजात आहे ना?"

"कालेज कधीच सुटलं. दिवाळीच्या पुढं एक बाई पोरींना कामाला घेऊन गेली गुजरातेत, तिच्याबरोबर धाडली. आता ती बाई बोलते, तुझी पोर दुसरीकडं लागली, मला काय ठाऊक." लाहूने टोपी काढून हातात धरली होती. "पोलिसांत सांगितला. त्यांनी लिवून घेतलं. बोलले, तिचा नंबर दे. मी कुठला नंबर देऊ? जावयाच्या फोनात तिचं फेसबुक व्हतं, तो फोन पाण्यात पडून मेला." मग तो खाली वाकून हळूच म्हणाला, "सर, तुझ्या फेसबुकात दिसते का ती?"

शेजारच्या टेबलावर मोठे सर कागद चाळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण कागद चाळायचे थांबले. आणि आमच्या नाकासमोर चालणाऱ्या सरांनी एका क्षणात सगळा हिशोब मांडला. मुलगी बेपत्ता. तिच्या खात्यावर नंबर माझा. दर रविवारी कोड येतोय आणि मी गप्प आहे. एवढं ऐकल्यावर उरलेलं लोक स्वतःच्या मनाने जोडतील. नूतनला सातवा महिना लागला होता.

"नाही हो, लाहूभाऊ," सर म्हणाले. "शाळेचा नियम आहे. मुलांशी आम्ही फेसबुकवर जोडलेले नसतो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. खोटं बोलायला निदान थोडी हिंमत तरी लागते. लाहू बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, काहीतरी विचारायचं असल्यासारखा. मग टोपी डोक्यावर ठेवून गेला. त्याला सगळं कळलं आहे असं सरांना त्या क्षणी वाटलं.

त्यानंतर सरांचे रविवार गेले. साडेबारा वाजायच्या आधी ते फोन घेऊन मागच्या चिकूच्या झाडांत जाऊन उभे राहायचे. कोड आला की छातीतला श्वास सुटायचा. आहे, म्हणजे आहे. कुठे का असेना, कोणाच्या तरी फोनला तिचा हात लागला आहे. तो कोड घेऊन तिचं खातं आपण उघडावं असं शंभरदा मनात यायचं, पण पुरुष माणसाने मुलीच्या खात्यात शिरायचं म्हणजे पुन्हा तेच. पोलिसांत जायचं तर आधी का नाही आलात, हा प्रश्न दर रविवारी एक आठवड्याने मोठा होत होता. सर जेवायला परत यायचे तेव्हा कालवण गार झालेलं असायचं.

चैत्रात ते विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला गेले. पाळण्यांच्या रांगेत त्यांना पाठमोरी शुक्री दिसली, तीच बुटकी वेणी, तीच मान तिरकी करून बघायची सवय. सर माणसांना ढकलत धावले. पोरीने वळून बघितलं तर कोणी वेगळीच, आणि तिच्याबरोबरचे बाप्ये सरांकडे असे बघायला लागले की त्यांना तिथून काढता पाय घ्यावा लागला.

मेच्या शेवटच्या रविवारी कोड आला नाही. जूनच्या पहिल्या रविवारी नाही. दुसऱ्याला नाही. सर झाडांत एक वाजेपर्यंत उभे राहिले, दीडपर्यंत उभे राहिले, नूतन दारातून हाका मारत राहिली. त्या जूनमध्ये त्यांना मुलगी झाली. पेढे वाटताना माणूस हसतो तसे ते हसले. पण पाळण्यातल्या पोरीने टक लावून त्यांच्याकडे बघितलं की ते नजर चोरायचे, आणि का ते कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

शाळेत तर त्याहून वाईट. शुक्रवारी जन्मलेल्या पोरीचं नाव शुक्री, त्यामुळे हजेरीच्या वहीत अजून दोघी शुक्री होत्या. सर नाव घ्यायचे आणि मागच्या बाकावरून "हजर, सर" आलं की हातातलं पेन थांबायचं. मुलं म्हणायला लागली, सर हल्ली तंद्रीत असतात. सर शेवटी त्या दोघींना नावाऐवजी नंबराने पुकारायला लागले.

वर्ष सरता सरता फोनच्या कंपन्यांनी नवीन टूम काढली: दर महिन्याला थोडंतरी रिचार्ज करा, नाहीतर नंबर बंद. सरांनी दुसऱ्या सिमवर रिचार्ज करायला सुरुवात केली. अठ्ठावीस दिवस झाले की न चुकता. ज्या नंबराचा माणसाला उपयोग शून्य, तो नंबर ते मेल्या माणसाच्या फोटोपुढे दिवा लावावा तसा चालू ठेवत होते.

नूतनच्या ते लक्षात आलं फेब्रुवारीत. ती बारावीपर्यंत शिकलेली, वाडीचा सगळा व्यवहार बघणारी, तिच्या नजरेतून काय सुटणार? सरांचा फोन तिच्या हातात होता आणि रिचार्ज झाल्याचा मेसेज आला.

"अहो, या नंबरावर कोणी फोन करत नाही. मग कोणासाठी जिवंत ठेवलाय?"

सरांनी सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आई अंबूबाई शेजारच्या खोलीत बाळाला खेळवत असताना, खालच्या आवाजात. नूतन रडली नाही की ओरडली नाही. तिने एकच प्रश्न विचारला.

"नंबर टाकलात तेव्हा ती कुठे होती?"

"माझ्या शेजारी. कोड तिनेच वाचून दाखवला."

"म्हणजे तिला माहीत होतं, कोड कोणाच्या खिशात वाजतो ते." नूतन म्हणाली. "पासवर्ड विसरलेलं माणूस दर रविवारी साडेबारालाच विसरतं का हो? ती आत जायला बघत नव्हती. तुम्हाला हाक मारत होती. नंबर पाठ नाही, घरी फोन नाही, कोणाचा तरी मोबाइल दोन मिनिटं मिळत असेल. तेवढ्यात तिला एवढंच करता येत होतं."

एवढ्या महिन्यांत हे सरांच्या मनात आलं नव्हतं असं नाही. मनात आलं होतं, आणि त्यांनी ते येऊ दिलं नव्हतं. नूतन म्हणाली, "तुम्ही तुमचं नाव सांभाळत बसलात." मग ती उठली. बाळाला सासूकडे दिलं, साडी बदलली, स्वतःचा फोन घेतला. "आधी तिच्या बापाकडे. तिथून पोलिसांत. चला."

लाहूचं घर पाड्याच्या टोकाला. तो अंगणात टोपलीला कड बांधत बसला होता. सरांनी उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसून सांगायची त्यांना हिंमत नव्हती. लाहूने मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्याने टोपली बाजूला सारली.

"मंग आता उघडता येल?"

"येईल," नूतन म्हणाली. तिने आपल्या फोनवर शुक्रीचं खातं शोधलं आणि 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं. सरांच्या खिशात फोन थरथरला. तीच थरथर, नऊ महिन्यांनी. कोड आपण मागवला आहे हे डोळ्यांसमोर दिसत असूनही सरांनी आधी किती वाजले ते बघितलं. त्यांनी आकडे वाचले, नूतनने टाकले, खातं उघडलं.

आत फारसं काही नव्हतं. शेवटचं जे काही होतं ते २०१७ च्या दिवाळीनंतरचं. इनबॉक्समध्ये एकच मेसेज, एकाच माणसाला पाठवलेला. माणसाचं नाव प्रितम सर.

"काय लिवलंय?" लाहू म्हणाला. त्याला अक्षर येत नव्हतं. "वाच, सर."

नूतनने फोन सरांच्या हातात दिला. सरांनी आधी मनात वाचलं. त्यातलं एक वाक्य गाळता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. त्यांनी नूतनकडे बघितलं, ती त्यांच्याचकडे बघत होती, आणि त्यांनी सगळं मोठ्याने वाचलं.

"सर, मी शुक्री. ताईकडे तलासरीला आहे. एक बाई आम्हाला कामाला नेते म्हणते गुजरातला. बाबा म्हणतो सरांना विचार, ते सांगतील तसं करू. मला नाही जायचं सर, मला शिकायचं आहे. बाबाला मी बोलू शकत नाही. तुम्ही फक्त नको एवढं लिहा. मी त्याला दाखवते."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या.

"जायचं नव्हतं तिला?" लाहू म्हणाला. "माझ्याशी नाय बोलली." मग म्हणाला, "आठ दिस थांबलो, सर. ती बाई घाई करत व्हती, तरी थांबलो. रोज पोरीला इचारायचो, सर काय बोलला? ती बोलायची, अजून काय नाय बोलला. आमच्या पाड्यावर वडील माणसाला इचारलं आन तो गप राहिला, तर तो हो बोलला. नको असंल तर माणूस नको बोलतो. तू नको बोलला नाय. म्हणून धाडली."

"मला तो दिसलाच नाही, लाहूभाऊ." सर म्हणाले. "यादीतून काढलेल्या माणसाचा मेसेज वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतो. मी तो कप्पा कधी उघडलाच नाही."

"त्या दिशी शाळेत तू बोलला, आमी जोडलेले नसतो. तवा मला वाटलं, मंग पोर इचारत कोणाला व्हती?" लाहूच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. "इचारावंसं वाटलं तुला. पण तू मास्तर. खोटं कशाला बोलशील."

त्याने नूतनचा फोन सरांच्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांत धरला. मुलीच्या नावावर, त्याला न वाचता येणाऱ्या त्या अक्षरांवर, अंगठा फिरवून बघितला.

"आता लिव तिला," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"नको म्हणून लिव. तिनं इचारलंय ना तुला? जबाब दे."

सरांनी आपला फोन काढला. तो कप्पा शोधायला त्यांना वेळ लागला. त्यात शुक्रीचं नाव जाड अक्षरांत होतं, अजून न उघडलेलं. त्यांनी मेसेज उघडला आणि खाली लिहिलं: नको जाऊस. मग त्यांनी पाठवून दिलं.

लाहूच्या हातातला फोन वाजला. तो एकदम उठून उभा राहिला. फोन त्याने कानाला लावला, पुन्हा डोळ्यांसमोर धरला, पुन्हा कानाला लावला. सव्वा वर्षात त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं नसेल.

"तिचा हाय? सर, शुक्रीचा हाय?"

"नाही, लाहूभाऊ," सर म्हणाले. "माझाच आहे."